फोनसोबत आलेली केबल तुटल्यावर

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. माझ्या फोनसोबत आलेली केबल मानेपाशी तुटली, म्हणून मी ऑनलाइन तीन केबल्सचा सेट मागवला. दोन टाइप-सी टू टाइप-सी, एक जुन्या रुंद पिनेची. पाकिटावर ‘सुपर फास्ट’ असं मोठ्या अक्षरात आहे, कंपनीचं नाव कुठेच नाही. एक मी ठेवली. पूर्वी तासाभरात भरणारा फोन आता अर्धी रात्र घेतो. दुसरी मुलाने घेतली, तो त्यावर लॅपटॉपही लावतो. तिचं टोक हात लावू नये इतकं तापतं. रुंद पिनेची वडिलांच्या टॅबलेटला दिली. ती एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग पकडते, आणि चार्जिंग चालू असताना स्क्रीनवर बोट न लावताच बटणं दाबली जातात. यजमान म्हणतात, वायर ती वायर, त्यात काय एवढं? मुलगा म्हणतो, सगळ्यांच्या बॅटरीची वाट लागली. खरं कोण? आणि कंपनीचीच केबल घ्यायला हवी का? ती बरीच महाग आहे.

— एक वाचक


सप्रेम नमस्कार.

बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी एक काम करा. मुलाकडची तापणारी केबल आत्ताच काढून बाजूला ठेवा. लॅपटॉपला पुन्हा लावू नका, ‘दुसरी येईपर्यंत’ म्हणूनसुद्धा नाही. केबल कोमट लागली तर घाबरायचं कारण नसतं. जोरात चार्जिंग चालू असताना टोक थोडं उबदार होतंच. पण बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर आत एखादा संपर्क बिघडलाय किंवा तारांमधल्या काही बटा तुटल्यात. हे आपोआप बरं होत नाही. उष्णतेने संपर्क आणखी खराब होतो, खराब संपर्क आणखी तापतो, आणि शेवटी प्लास्टिक वितळतं. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं. गादीवर, उशीखाली, पांघरुणात मात्र ते तिथेच संपेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आता तुमच्या घरातला वाद. यजमानांचं म्हणणं एकेकाळी जवळजवळ बरोबर होतं. यूएसबी १९९६ मध्ये आली तेव्हा त्या केबलमधून ५ व्होल्ट आणि फार तर अर्धा अँपिअर जायचा, म्हणजे अडीच वॅट. इतक्या कमी विजेला कुठलीही तार पुरते. आज त्याच आकाराच्या केबलमधून लॅपटॉपला ६०, १०० आणि नव्या नियमांनुसार २४० वॅटपर्यंत वीज देता येते. एवढी वीज सोडण्याआधी चार्जर आणि फोन एकमेकांशी बोलतात: तू किती देऊ शकतोस, मला किती हवंय. हे बोलणं केबलमधूनच होतं, आणि काही वेळा केबललाही त्यात स्वतःबद्दल सांगावं लागतं. चार्जर ते ऐकतो आणि त्यावर विश्वास ठेवून वीज सोडतो. म्हणून बदली केबल घेताना ती कोणत्या कंपनीची यापेक्षा ती स्वतःबद्दल खरं सांगते का, हा प्रश्न मोठा आहे. बिननावाच्या केबल्समध्ये जे बिघडतं ते जवळजवळ सगळं इथेच येऊन मिळतं.

सुरुवात तांब्यापासून करू, कारण पैसे वाचवायची पहिली जागा तीच. केबलची जाडी गेजमध्ये मोजतात, आणि त्यात आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तार साधारण ०.३२ मिलिमीटर जाड असते, २४ गेजची अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. फरक नखाएवढाही नाही, पण एका मीटरला २८ गेजच्या तांब्याचा विजेला होणारा विरोध सुमारे ०.२१ ओहम असतो आणि २४ गेजचा ०.०८. वीज जाते आणि परतही येते, म्हणून मीटरभर केबलमध्ये ती दोन मीटर तांब्यातून वाहते. बारीक तारेतून २ अँपिअर ओढले तर सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. चार्जर ५ व्होल्ट देतो, फोनपर्यंत ४.१५ पोहोचतात. जाड तारेत हीच घट ०.३४ च्या आसपास राहते. टाइप-सीच्या नियमांनुसार पूर्ण प्रवाहावर जाणाऱ्या तारेत अर्धा व्होल्ट आणि परतीच्या तारेत पाव व्होल्ट, इतकीच घट चालते. दोन मीटरची केबल घेतली की घट दुप्पट. लांब केबल पलंगापर्यंत पोहोचते म्हणून बरी वाटते, पण बारीक तारेची लांब केबल हा सर्वांत वाईट सौदा.

फोनला हे कळतं. येणारा व्होल्टेज खाली बसतोय असं दिसलं की तो स्वतःहून कमी वीज ओढायला लागतो, आणि म्हणून चार्जिंग अर्धी रात्र चालतं. फोन बिघडलेला नसतो, तो सांभाळून घेत असतो. वाटेत खर्ची पडलेली वीज केबलमध्येच उष्णता होऊन राहते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. लॅपटॉपला ३ अँपिअर लागले आणि तारा २८ गेजच्या असल्या, तर मीटरभर केबल पावणेचार वॅटच्या आसपास उष्णता सोडत बसते. सगळ्या लांबीभर पसरली तर केबल नुसती कोमट होते. पण मुलाच्या केबलसारखं एकच टोक तापत असेल, तर विरोध तिथेच साचलाय. टाइप-सीच्या टोकात वीज जायला चार संपर्क असतात आणि परतायला चार. त्यातले एक-दोन काळे पडले, वाकले किंवा मुळात नीट बसवलेच नसले, तर सगळा भार उरलेल्यांवर येतो.

तांब्याच्या नावाखाली आणखी एक गोष्ट खपते: आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. कापून पाहिली तर तार तांबूसच दिसते, पण त्याच जाडीला विरोध दीडपटीच्या आसपास असतो आणि वारंवार वाकवली की ती तांब्याच्या तारेपेक्षा लवकर तुटते. वर जाड विणलेलं कापड आणि चकचकीत धातूची टोकं असली की केबल भक्कम वाटते. ते कापड तारेविषयी काहीच सांगत नाही. वजनही फारसं सांगत नाही.

तुमच्या फोनच्या मंद चार्जिंगला दुसरंही एक कारण असू शकतं, आणि ते आधी तपासा. काही फोन कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची असते. ओप्पोने २०१४ मध्ये आणलेल्या ‘वूक’ पद्धतीत व्होल्टेज न वाढवता प्रवाहच वाढवला होता, आणि त्यासाठी जास्तीच्या संपर्कांची खास केबल लागायची. अशा फोनला साधी केबल लावली, ती कितीही चांगली असो, तरी फोन साध्या वेगावर उतरतो. तुमचा फोन अशा कंपनीचा असेल आणि पूर्वी त्याच चार्जरवर तासाभरात भरत असेल, तर बहुधा हेच घडलंय. नवी केबल लावल्यावर कुलूपबंद स्क्रीनवर कंपनीचं फास्ट चार्जिंगचं नाव किंवा चिन्ह उमटेनासं झालं का, ते आठवून पाहा. झालं असेल, तर तुम्हाला त्या कंपनीची किंवा त्या पद्धतीला चालते असं स्पष्ट लिहिलेली केबल लागेल. कंपनीचीच केबल घ्या असं मी जिथे निःशंकपणे सांगेन, त्यातली ही एक जागा.

सॅमसंगच्या काही फोनचा प्रकार जरा वेगळा आहे. त्यांचं २५ वॅटचं चार्जिंग साध्या ३ अँपिअरच्या टाइप-सी केबलवर होतं, ४५ वॅटला ५ अँपिअरची केबल लागते. कुठल्या कंपनीची, याने फरक पडत नाही.

या ५ अँपिअरच्या केबलमध्येच ‘केबल बोलते’ हे खरं दिसतं. प्रत्येक टाइप-सी टू टाइप-सी केबलने ३ अँपिअर सहन करायलाच हवेत, असा नियम आहे. २० व्होल्टवर त्याचे ६० वॅट होतात. म्हणजे पाकिटावरचे ६० वॅट हा मोठेपणा नव्हे, ती किमान अट आहे. त्याहून जास्त हवं असेल तर केबलच्या टोकात एक छोटी चिप असावी लागते. चार्जर तिला विचारतो, ती म्हणते ‘मी ५ अँपिअरची आहे’, आणि मगच चार्जर ५ सोडतो. चिप नसेल तर तो ३ वर थांबतो. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, आणि चिप खरं सांगते तोवर ती आपल्याला सांभाळते. बारीक तारांच्या केबलमध्ये ‘५ अँपिअर’ म्हणणारी चिप बसवली, तर चार्जरला ते खोटं ओळखता येत नाही. म्हणून मला चिप नसलेल्या स्वस्त केबलपेक्षा खोटं सांगणाऱ्या चिपेच्या स्वस्त केबलची जास्त काळजी वाटते. पहिली तुमचा वेळ खाते, दुसरी वस्तू जाळू शकते.

रुंद पिनेच्या, म्हणजे यूएसबी-ए टू टाइप-सी केबलमध्ये चिपेऐवजी एक साधा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक विरोधाचा छोटासा भाग, हे काम करतो. तो ५६ किलोओहमचा असावा असं नियम सांगतो. त्यावरून फोनला कळतं की समोर जुन्या प्रकारचं पोर्ट आहे, बेताने ओढायचं. २०१५ च्या सुमाराला टाइप-सी नवी असताना बाजारात अशा कितीतरी केबल्स आल्या, ज्यांत १० किलोओहमचा रेझिस्टर होता. त्याचा अर्थ फोनच्या भाषेत ‘३ अँपिअर खुशाल घे’ असा होतो. फोन ते खरं मानून ओढायला जातो, आणि जुनं चार्जर किंवा संगणकाचं पोर्ट त्याखाली दबून जातं. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग यांनी नोव्हेंबर २०१५ पासून ॲमेझॉनवरच्या टाइप-सी केबल्स स्वतः विकत घेऊन तपासायला आणि निकाल जाहीरपणे लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी अशीच एक केबल लावली. तिच्यात रेझिस्टर तर चुकीचा होताच, पण वीज नेणारी आणि परतीची तार यांची अदलाबदलही झाली होती. त्यांच्या क्रोमबुक लॅपटॉपची पोर्टं आणि तपासणीची उपकरणं त्यात गेली. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबल्स विकायला बंदी घातली. त्या अभियंत्यांना केबलची रचना पाठ होती. बाहेरून पाहून त्यांनाही ती चूक ओळखता आली नसती, तर तुम्हाला-मला कशी येणार? म्हणून केबल पारखण्याचा उपाय तिच्या रूपात नाही, तिच्यामागे नाव आणि तपासणी आहे का, यात आहे.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येते. सगळ्यांच्या बॅटरीची वाट लागली, हे बहुतेक खरं नाही. केबल थेट बॅटरीला जोडलेली नसते. मधे फोनमधला चार्जिंग सांभाळणारा भाग असतो, आणि लिथियम-आयन बॅटरीला कुठे थांबवायचं, साधारण ४.२ ते ४.४५ व्होल्टवर, ते तोच ठरवतो. मंद केबल त्याला जास्त भरायला लावू शकत नाही. उलट मंद चार्जिंगमध्ये बॅटरी थंड राहते, आणि थंड राहिलेली बॅटरी जास्त टिकते. तुमच्या फोनची बॅटरी या केबलने खराब झाली असेल असं मला वाटत नाही. वाईट केबलने धोका होतो तो पोर्टला आणि पोर्टमागच्या भागांना: उष्णता, मापात न बसणारं टोक, आतल्या तारांची चुकीची जोडणी. तेवढ्यापुरती मुलाची भीती रास्त आहे. दोघांनाही अर्धे-अर्धे गुण द्या.

वडिलांच्या टॅबलेटमध्ये एकाच वेळी दोन वेगळे बिघाड दिसतात, आणि दोन्ही कदाचित केबलमुळे नाहीत.

पहिला, कोनात धरल्याशिवाय चार्जिंग न पकडणं. नवी केबल घ्यायच्या आधी पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. खिशातला, पिशवीतला बारीक कापूस आणि धूळ पोर्टच्या तळाशी जाते, आणि केबल लावताना आपणच ती दाबून दाबून घट्ट करतो. मग टोक पूर्ण आत जात नाही आणि हलवावं लागतं. टॅबलेट बंद करा, लाकडी टूथपिकने तळाच्या कडेकडेने हलक्या हाताने ते उकरून काढा. मधल्या पातळ जिभेला धक्का लावू नका. सुई किंवा पिन अजिबात नको. वरवर काहीच दिसत नसतानाही तिथून बोळाच्या बोळा निघतो, आणि कित्येकांचा ‘पोर्ट गेलाय’ म्हणून ठरवलेला खर्च तिथेच वाचतो.

साफ करूनही ढिलं राहिलं, तर दुसरी चांगली केबल लावून पाहा. टाइप-सीमध्ये घट्ट धरणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या टोकात असतात, पोर्टमध्ये नाहीत. पोर्टपेक्षा केबल आधी झिजावी, म्हणजे बदलायला सोपी, असाच तो विचार आहे. त्यामुळे दुसरी केबल घट्ट बसली, तर दोष पहिलीचाच. अॅपलच्या लाइटनिंगमध्ये, म्हणजे जुन्या आयफोनच्या पोर्टमध्ये, हे उलट असतं: धरणाऱ्या स्प्रिंगा फोनच्या आत, आणि केबलवरचे संपर्क उघडे. तुमच्या घरात जुना आयफोन असेल, तर केबलच्या सोनेरी पट्ट्यांपैकी एखादी काळी पडलीय का ते पाहा. काळी पडली असेल तर ती केबल पुन्हा लावू नका, तो जळलेला संपर्क फोनच्या आतला संपर्कही खराब करतो.

दुसरा बिघाड, बोट न लावता बटणं दाबली जाणं. यासाठी मी केबलपेक्षा चार्जरकडे बोट दाखवेन. स्वस्त चार्जरमधून बाहेर येणारी वीज स्वच्छ नसते. तिच्यावर वेगवान चढउतार स्वार झालेले असतात. टचस्क्रीन बोटाचा स्पर्श ओळखते तो अगदी सूक्ष्म विद्युत बदलांवरून, आणि हे चढउतार तिला स्पर्शासारखे वाटतात. टॅबलेट दुसऱ्या, नावाच्या चार्जरला लावून पाहा. भूतबाधा थांबली, तर तो जुना चार्जर काढून टाका. नुसता बाजूला ठेवू नका, वापरातूनच काढा.

इथे मी जरा जास्त आग्रहाने बोलते, कारण केबलच्या चर्चेत चार्जर नेहमी सुटतो. केबल वाईट असली तर ती उपकरण बिघडवेल, तापेल, हात पोळेल. पण तिच्यात साधारण ५ ते २० व्होल्ट, २४० वॅटच्या केबलमध्येही फार तर ४८ व्होल्टच असतात, त्या विजेचा धक्का माणसाला मारत नाही. भिंतीतली वीज आणि तुमचं शरीर यांच्यामध्ये उभा असतो तो चार्जर. २०१६ मध्ये अॅपलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ४०० बनावट चार्जरची तपासणी झाली, तेव्हा विजेच्या धक्क्यापासून वाचवण्याइतकं आवरण फक्त ३ मध्ये सापडलं. चारशेपैकी तीन. फोन चार्जिंगला लावून हातात धरायची सवय सगळ्यांना असते, वडीलधाऱ्यांना आणि मुलांना तर जास्तच. पैसे मोजून-मापून खर्च करायचे असतील, तर आधी चार्जर चांगला घ्या, मग केबल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: कंपनीचीच हवी का? वर सांगितलेली खास फास्ट चार्जिंगची जागा सोडली, तर नाही. फोन कंपनीचं नाव म्हणजे निर्दोष, असंही नाही. अॅपलने फेब्रुवारी २०१६ मध्ये स्वतःच्याच मॅकबुकसोबत जून २०१५ पर्यंत दिलेल्या टाइप-सी केबल्स बदलून देण्याची घोषणा केली, कारण रचनेतल्या दोषामुळे त्या बंद पडू शकत होत्या. तो दोष कळला, जाहीर झाला, केबल्स बदलून मिळाल्या, कारण त्यांच्यामागे कोणीतरी जबाबदार होतं. दुसऱ्या कंपनीच्या केबलकडूनही मी एवढीच अपेक्षा ठेवते. बनवणाऱ्याचं नाव हवं, त्या नावाचा पत्ता लागायला हवा, आणि बिघडली तर कोणाला विचारायचं ते ठाऊक हवं. केबल्स आणि चार्जर बनवणं हाच ज्यांचा मुख्य धंदा आहे, अशा कंपन्यांच्या केबल्स फोन कंपनीच्या केबलइतक्याच, कधी त्याहून टिकाऊ असतात.

नाव पाहतानाही एक काळजी घ्या. ‘ओरिजिनल’ लिहिलेली केबल ओरिजिनल असेलच असं नाही. अॅपलने ऑक्टोबर २०१६ मध्ये एका विक्रेत्यावर दावा लावताना म्हटलं होतं की ॲमेझॉनवरून अस्सल म्हणून खरेदी केलेल्या त्यांच्या शंभरहून अधिक वस्तूंपैकी जवळपास ९० टक्के बनावट निघाल्या. तेव्हा कंपनीची केबल कंपनीच्याच दुकानातून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. अस्सल वस्तू अविश्वसनीय स्वस्तात मिळत असेल, तर तुमची शंका बरोबर आहे. लाइटनिंगसाठी अॅपल इतर कंपन्यांना परवाना देतं, आणि परवानाधारक केबलमध्ये अॅपलची ओळख पटवणारी चिप असते. म्हणून ती चिप नसलेली केबल लावली की कधी कधी ‘हे उपकरण चालणार नाही’ अशा अर्थाची सूचना स्क्रीनवर येते. नव्या केबलवर ती वारंवार येत असेल, तर परत करा.

टाइप-सी केबल्ससाठी यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडून (यूएसबी-आयएफ) प्रमाणपत्र मिळतं. २०२१ पासून प्रमाणित केबल्सवर ६० वॅट किंवा २४० वॅट असं छापलेली खूण असते. खूण छापायला कुणालाही येते, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रमाणित वस्तूंची यादी आहे, तिथे मॉडेल क्रमांक टाकून पाहा. पाकिटावर वॅट आणि अँपिअर दोन्ही स्पष्ट लिहिलेले हवेत. ‘सुपर’, ‘टर्बो’, ‘फ्लॅश’ हे शब्द कुठल्याही मापाचे नाहीत. रुंद पिनेच्या केबलवर ६० किंवा १०० वॅट लिहिलं असेल तर विशेष सावध राहा. यूएसबीच्या सामाईक नियमांत तिच्यातून फार तर १५ वॅट जातात, आणि त्यापुढचं सगळं एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर अवलंबून असतं.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. चुंबकाने चिकटणाऱ्या टोकाच्या केबल्स घेऊ नका. टाइप-सीच्या नियमात त्या बसत नाहीत. त्यांचे संपर्क उघडे असतात, तिरपे चिकटतात, आणि टाइप-सीमध्ये वीज नेणारी पिन आणि बोलणी करणारी पिन एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर शेजारी आहेत. २० व्होल्ट चुकून त्या शेजारणीत गेले, तर ती ते सहन करायला बनलेलीच नाही. केबलला जोडून लांबी वाढवणारे टाइप-सी जोडही नियमात नाहीत. आणि कुठेतरी पडलेली, कोणीतरी विसरलेली केबल फोनला लावू नका. हुबेहूब साध्या केबलसारखी दिसणारी, पण टोकात वायफायवरून आज्ञा घेणारं यंत्र दडवलेली केबल २०१९ मध्ये सुरक्षा तज्ज्ञांच्या संमेलनात दाखवली गेली, आणि पुढे विकतही मिळू लागली.

घरी तपासायचं असेल तर असं करा. एकच चार्जर, एकच फोन, स्क्रीन बंद. बॅटरी २० टक्क्यांच्या आसपास आली की एक केबल लावा आणि वीस मिनिटांत किती टक्के वाढले ते लिहून ठेवा. पुन्हा तितकीच उतरल्यावर दुसरी केबल लावा. ८० टक्क्यांच्या पुढे ही तुलना करू नका, तिथे फोन स्वतःच वेग कमी करतो आणि सगळ्या केबल्स सारख्याच वाटतात. दोन्ही वेळा पाच-दहा मिनिटांनी दोन्ही टोकांना हात लावून पाहा. केबलमध्ये लावून व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारं छोटं मीटरही मिळतं. घरात उपकरणं बरीच असतील तर ते घेण्यासारखं आहे, पण हात आणि घड्याळ यांनीही बऱ्यापैकी काम भागतं. फोन संगणकाला जोडून फोटो उतरवायचे असतील तर तेही एकदा करून पाहा. काही स्वस्त केबल्समध्ये माहिती नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी लक्षात येतं.

तुमच्या तीन केबल्सपैकी मुलाची गेलीच. वडिलांची, पोर्ट आणि चार्जर तपासून झाल्यावरही ढिली वाटली तर तीही काढा. तुमची मंद केबल तापत नसेल, तर नवी येईपर्यंत डोळ्यांसमोर असताना वापरायला हरकत नाही. रात्रभर मात्र लावून झोपू नका. वरच्या आवरणाला चीर गेलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या केबल्स घरात असतील, त्याही याच वेळी बाहेर काढा. चिकटपट्टीने आतल्या तुटलेल्या बटा जुळत नाहीत.

आणि टाकून देताना केबल चार्जरमधून काढून मधोमध कापा, मग ई-कचऱ्यात द्या. धड दिसणारी केबल कोणी ना कोणी उचलून पुन्हा लावतं.